थोरलीच्या हातचं कुंकू

पौष व. ६

थोरलीच्या हातच्या कुंकवाची बरणी तळाला आली. सासूबाईंनी आज ती उजेडात धरून पाहिली, तोंडाला परत फडकं बांधलं आणि म्हणाल्या, "हे आता फक्त देवाला आणि टाकाला. तू आपलं बाजारचं लाव."

टाक थोरलीचाच. म्हणजे जिला जाऊन तीन वर्षं झाली, जिची मूर्ती ठोकलेला चांदीचा टाक मी गळ्यात बांधून हिंडते, तिला रोज सकाळी चांगलं कुंकू. आणि मी, ह्यांची जिवंत बायको, बाजारची भुकटी लावणार. दुपारपर्यंत कपाळ खाजायला लागलं. नवीन लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मग मी नेसायचं, इथवर ठीक होतं. सवतीचा मान असतो, आईनं सांगूनच पाठवलं होतं. पण कुंकू?

घरात मला धाकटी म्हणतात. थोरली घरात नाही, तरी मी धाकटी.

पौष व. ९

हे संध्याकाळी जंगल ऑफिसातून आले, पाय धुतले, आणि माझ्या कपाळाकडे पाहिलं. बरं वाटलं. मग म्हणाले, "आज कुंकू फिक्कं दिसून राहिलं."

लग्नाला दीड वर्ष होईल. इतकं निरखून पहिल्यांदाच पाहिलं असेल, आणि तेही तिचं कुंकू नाही म्हणून. पोळी त्यांच्या ताटात आपटली. रागानं.

मागून सासूबाई आणि मी जेवायला बसलो तेव्हा सांगून टाकलं की या वर्षी कुंकू मी करणार. त्या म्हणाल्या, "कर ना बाप्पा. नाही कोण म्हणते? पण थोरलीच्या हाताला गुण होता हो."

हाताला गुण! लोणच्याला तिचा हात, पुरणाला तिचा हात, वाती वळायलाही तिचाच हात. माझे काय मी उसने आणलेत?

एक ठरवलं आहे. या घरात एक तरी वस्तू धाकटीच्या हातची म्हणून ओळखली गेली पाहिजे. आणि ती कुंकूच. दुसरं काही चालणार नाही मला.

माघ शु. ४

केलं. माहेरी काकू करायची ते आठवून आठवून. हळकुंडं भिजवून कापली, लिंबाचा रस, सवागी म्हणजे टाकणखार, तुरटी. चिनी मातीच्या थाळीत घालून सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ हलवायचं. ओलं असताना इतकं लाल झालं होतं की मी एकटीच हसले. वाळत गेलं तसा रंग उतरत गेला. कांडून वस्त्रगाळ केलं आणि बघते तर विटकरी.

सासूबाई रागावल्या असत्या तर चाललं असतं. त्यांनी बोटावर घेतलं, खिडकीशी नेलं, आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "वाया नको घालवू गं. रांगोळीत भरायला होईल."

भरलं रांगोळीत. सकाळी मोलकरणीनं झाडून नेलं. मीच उभी राहून नेऊ दिलं.

माघ शु. ७, रथसप्तमी

पोस्टमास्तरीणबाईंकडे शेवटचं हळदीकुंकू. जबलपुरातल्या एकूण एक मराठी बायका. वाण बरं होतं, कथलाची डबी. पण बोलणं? जिथे बसावं तिथे थोरली. "काय लाल होतं हो ते!" "घाम आला तरी ओघळ म्हणून नाही." "सुमतीबाई पुडी बांधून द्यायच्या, आम्ही वर्षभर पुरवायचो." मी हातात डबी घेऊन हसते आहे आपली.

मग पोस्टमास्तरीणबाई माझ्याकडे वळून, "तुम्हाला नाही का दिली तिनं कृती?"

मेलेल्या बाईनं मला कृती द्यायची कधी? स्वप्नात? तोंडावर आलं होतं, गिळलं.

घरी येऊन टाक गळ्यातून काढून उशाशी उपडा ठेवला. पाच मिनिटांत भीती वाटली, परत बांधला.

माघ व. २

गढ्याला जाऊन आले. थोरलीचं माहेर ते. तिच्या आईनं मला लेक मानली आहे, तशी रीतच. सणाला बोलावतात, ओटी भरतात, जवळ घेतात. जवळ घेतात तेव्हा डोळे माझ्या तोंडावर नसतात, टाकावर असतात. मला कळतं. मी ओटी सावरत बसते.

आज मात्र मुद्द्याला हात घातला. "आई, थोरल्या बाई कुंकू कसं करायच्या?"

त्या पदरानं डोळे टिपत होत्या, थांबल्या. "काहून गं?"

"माझं विटकरी होऊन राहिलं."

मग त्यांनी सांगितलं. हळकुंडं, लिंबू, सवागी, तुरटी, सावली. म्हणजे मी केलं तेच. शब्दाला शब्द. मी म्हटलं, हे तर मी केलं. तर हसल्या. पोरीच्या आठवणीनं रडणारी बाई एकदम हसली. "बाकी मग हाताचा गुण."

काहीतरी आहे. सांगत नाहीत. आपल्या लेकीचा रंग दुसरीच्या कपाळी कशाला जाऊ देतील? मी त्यांच्या जागी असते तर मीही नसता दिला. तरी राग येतो तो येतोच.

फाल्गुन शु. ५

दुसऱ्यांदा केलं. लिंबं जास्त घातली. पहिल्यापेक्षा बरं, पण नारिंगी. ह्यांनी विचारलं, "पुन्हा तेच चाललंय का?" तेच म्हणजे काय तेच?

फाल्गुन शु. ११

टाकाची कडी तुटली म्हणून सासूबाईंबरोबर सराफ्यात गेले. सोनाराकडे गर्दी, थांबावं लागलं. शेजारच्या गल्लीत एक लखेरिन लाखेच्या बांगड्या करते. बाई घमेल्यात लाख धूत होती आणि धुतलेलं पाणी नालीत ओतत होती. मी बघतच राहिले.

असं लाल मी कधी पाहिलं नाही. नालीतून वाहून चाललं होतं, कुणाला त्याचं काही नव्हतं.

सासूबाईंनी माझा दंड धरून मागे ओढलं. "लुगडं वर घे आधी! किड्याचं पाणी आहे ते. लाख म्हणजे किडेच की, चिरडलेले. शिवलं तर आंघोळ करावी लागते." घरी येऊन त्यांनी खरंच केली. मलाही करायला लावली. मी तांब्यावर तांब्या ओतत होते आणि डोळ्यांपुढे ती नाली.

फाल्गुन व. १

होळीच्या रंगाच्या निमित्तानं बाहेर पडले आणि लखेरिनीकडे गेले. एकटी. धुवणाचं पाणी मागितलं. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"काए बाई, महावर रचाने है का?"

महावर म्हणजे पायाला लावायचा अळता. "हओ," म्हटलं.

"मराठिन बाइयें कब से महावर रचान लगीं?" आणि खो खो हसली. पण दिलं. पितळी लोटा भरून, वर पान झाकून. म्हणाली, आटवा, फिटकरी घाला, पक्का होतो.

लोटा पदराखाली धरून आले. वाटेत एक थेंब पावलावर पडला, अजून गेला नाही.

फाल्गुन व. ३

सासूबाई कीर्तनाला गेल्या की करायचं, असं ठरवलं होतं. तसंच केलं. तयार हळकुंडांचे तुकडे, जे नारिंगी झाले होते, ते आटवलेल्या लाखेच्या पाण्यात तुरटी घालून भिजत टाकले. देवाचं कुंकू आणि त्यात किड्याचा रंग. कळलं तर देवघर गोमूत्रानं धुवायला काढतील आणि मला माहेरी पाठवतील.

मग मनात आलं, सासूबाईंचं सोवळं तरी कशाचं आहे? रेशमाचं. रेशीम काय झाडाला लागतं? तेही किड्याचंच. पण हे त्यांच्यासमोर बोलायची छाती कुणाची.

फाल्गुन व. १२

झालं!!

काय लिहू. कांडताना खल लाल, बत्ता लाल, माझी नखं लाल. वस्त्रातून पडायला लागलं तशी हात जोडून बसले. थेंबभर तिळाचं तेल लावून मळलं. सासूबाईंपुढे वाटी नेऊन ठेवली.

त्यांनी वाटी उजेडात धरली. मग बोट बुडवलं आणि स्वतःच्या कपाळी लावणार तेवढ्यात सासरे गेल्यापासून... नाही, काहीतरीच लिहिते आहे, आनंदानं डोकं ठिकाणावर नाही. सासरे नाहीत, त्या कशाला लावतील. बोट बुडवलं आणि माझ्या कपाळी लावलं. हे खरं. त्यांनी स्वतः. विधवेनं लावू नये म्हणतात, त्यांच्या ध्यानातही आलं नाही. नंतर आलं, तेव्हा चटकन हात पुसला आणि देवाला नमस्कार केला.

मग त्यांनीच ओरडून ह्यांना सांगितलं, "अरे बघ तर! धाकटीनं केलं!"

हे आले, वाटीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलले नाहीत. थोडे हसले असं वाटलं.

धाकटीनं केलं. धाकटीनं केलं. पुन्हा पुन्हा ऐकू येतं आहे.

फक्त एक झालं. सासूबाईंनी कुंकू थोरलीच्याच बरणीत भरलं. मी नवी बरणी आणली होती.

चैत्र शु. ३

गौर बसली. देवीला माझं कुंकू. देवीनं काही केलं नाही. दूध नासलं नाही, दिवा विझला नाही. टाकालाही लावलं. मनात म्हटलं, घे, आता तू माझं लाव.

चैत्र शु. १०

आमच्याकडे हळदीकुंकू झालं. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी. पोस्टमास्तरीणबाई आरशात बघून आल्या, म्हणाल्या, "अहो, सुमतीबाईंपेक्षा लाल." पेक्षा! सगळ्या बायकांपुढे! सासूबाईंनी मान डोलावली. पुड्या बांधून बांधून माझी बोटं दुखली. इतकी सुखी मी लग्नातही नव्हते.

हे सगळं दुपारी चारपर्यंत.

चारनंतर गढ्याच्या आई आल्या. मीच त्यांना कुंकू लावलं. त्यांनी चिमूट तळहातावर घेतली, अंगठ्यानं चोळली. थोड्या वेळानं विहिरीवर हात धुवायला गेल्या आणि मला हाक मारली. तळहात पुढे केला. धुतलेला, तरी गुलाबी.

"हळदीच्या कुंकवाची पिवळी झाक राहते पोरी. लाख घातली ना?"

पाया पडायला वाकले, म्हटलं, आई, सांगू नका.

"सांगू कोणाला? आणि कशी?" त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "माझी सुमीही घालायची."

मला आधी कळेचना. मग कळलं.

त्या बोलत होत्या, की सुमीचंही पहिलं असंच फिक्कं झालं, सासूबाई बोलल्या, सुमी रडत गढ्याला आली, मग लाख. आईला तेवढं माहीत, आणखी कुणाला नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. आज पहिल्यांदा डोळे माझ्या तोंडावर होते.

आणि मी? मला हायसं वाटायला हवं होतं. देवीच्या कपाळी किड्याचा रंग मी पहिल्यांदा नाही लावला, वर्षानुवर्षं लागत होता. पण मनात एकच. हेही तिनंच आधी केलं. घाबरत घाबरत, नालीजवळ उभं राहून, खोटं बोलून जे एक माझं म्हणून मिळवलं, तेसुद्धा उष्टं निघालं. पाप करायलाही मी दुसरी.

चैत्र शु. १४

सासूबाई आज पापड लाटताना, "सोवळ्याला थोरलीसारखी पोर मी पाहिली नाही. मुंगी मेली तरी आंघोळ करायची."

जीभ चावली. अक्षरशः चावली, रक्त आलं.

सांगून टाकावं? तुमची थोरली देवाला किडे लावायची! पण मग विचारतील, तुला गं कसं ठाऊक.

चैत्र व. ४

राहवलं नाही. हे ओट्यावर बसले होते, सासूबाई देवळात. विचारलं, थोरल्या बाईंना लाख कुठून मिळायची?

वाटलं होतं, चमकतील. चमकले नाहीत.

"मी आणून द्यायचो. दौऱ्यावर गेलो की ठेकेदाराकडून."

"मग माझ्या कुंकवातली ओळखली असेल."

"पहिल्याच दिवशी."

"आणि बोलला नाहीत?"

"तू काही मागितलं नाहीस. मला वाटलं, तुला सांगायचं नसेल."

आत येऊन भांडी घासली. मोलकरीण घासून गेली होती, तरी पुन्हा घासली. थोरलीला लोटा पदराखाली धरावा लागला नाही. तिला ते आणून देत होते. दोघांचं गुपित होतं ते, या घरात, सासूबाईंच्या नाकाखाली, दोघं हसतही असतील. तिच्या रंगाचा मला इतके दिवस हेवा वाटत होता. रंगाचं काय, नालीतून वाहतो तो. हेवा करायची गोष्ट ही होती, आणि मला ठाऊकच नव्हती.

रडले. फार.

चैत्र व. ११

वन्सं आल्या नागपूरहून, अक्षय्यतृतीयेपर्यंत राहतील. बरोबर काय काय आणलं, संत्र्याची बर्फी वगैरे. आल्या आल्या बरणी उघडून बघितली. "वहिनी, हे तुम्ही केलं? मला शिकवा ना. मोठ्या वहिनीच्या किती मागे लागले होते. आज नाही उद्या, उद्या नाही परवा. शेवटपर्यंत शिकवलं नाही तिनं."

सासूबाई लगेच, "शिकवेल ना. धाकटी तशी नाही."

मी तशी नाही. हे ऐकायला वर्ष दीड वर्ष कान टवकारून बसले होते, आणि आलं ते असं.

चैत्र व. १३

वन्सं रात्री माझ्याजवळ झोपतात. सांगत होत्या, त्यांच्याही सासरी काही धड नाही. जाऊ सगळ्यात पुढे, वन्संच्या हातचं काही कुणाला आवडत नाही. "कुंकू जमलं तर निदान एक तरी होईल हो माझ्या नावाचं."

उठून पाणी प्याले. माझेच शब्द, माझ्याच अंथरुणावर.

लाखेशिवाय शिकवलं तर त्यांचं विटकरी होईल. सगळे म्हणतील, हाताचा गुण. आणि माझं नाव आणखी मोठं होईल. थोरलीनं बहुतेक हाच हिशेब केला असेल. तिला निदान शिकवायचंच टाळता आलं. मला सासूबाईंनी कबूल करून ठेवलं आहे.

लाखेसकट शिकवलं तर वन्सं पोटात ठेवणार नाहीत, त्यांच्या पोटात काही राहतच नाही. मग देवघर, गौर, सासूबाई, सगळं. थोरलीचं नावही जाईल. आणि ते जावं असं मला वाटतं. इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहू. खरं बोलायचं म्हणून सांगायचं आहे, की तिला खाली ओढायचं म्हणून? दोन्ही असेल. वेगळं करता येत नाही मला.

वैशाख शु. १

उद्या सकाळी बसायचं ठरलं. सासूबाई पण बसणार म्हणतात, "मी कधी थोरलीला करताना पाहिलं नाही, तुझं तरी बघते."

संध्याकाळी हे दौऱ्यावरून आले. कोटाच्या खिशातून पुडकं काढून फडताळात ठेवलं, तांदळाच्या डब्यामागे. जाता जाता माझ्याकडे न बघता म्हणाले, "लागेल तुला."

उघडून पाहिलं. लाख. काड्यांसकट, स्वच्छ, गडद.

पंधरा दिवसांपूर्वी याच पुडक्यासाठी मी जीव दिला असता. आताही छातीशी धरलं, खोटं कशाला बोलू. कितीतरी वेळ धरलं. तिला देत तसंच दिलं त्यांनी मला. गुपित आता दोघांचं. आता गप्प राहिले की मी थोरली झाले, पुरती. सासूबाईंची लाडकी, ह्यांच्या विश्वासातली, सगळ्या जबलपुराला पुड्या वाटणारी.

वैशाख शु. २

पहाट. अजून कुणी उठलं नसावं असं वाटलं होतं, पण वन्सं स्वयंपाकघरात आहेत, हळकुंडं निथळत टाकली आहेत. सासूबाईंची आंघोळ झाली, सोवळं नेसून थाळीपाशी येऊन बसल्या आहेत. हे ओट्यावर आहेत, आतलं सगळं ऐकू येईल इतक्या जवळ.

रात्रभर एकच मनात. थोरली या घरात आल्यापासून तिनं काय काय केलं, सगळं मोजून झालं. सण, लोणची, कुंकू, लाख, ह्यांचं पुडकं. प्रत्येक ठिकाणी मी तिच्या मागून. एकच तिनं केलं नाही. सांगितलं नाही. मी आज सांगितलं तर या घरात पहिल्यांदा काहीतरी मी तिच्या आधी केलेलं असेल. त्यानंतर इथे राहू देतील की नाही ते वेगळं.

पुडकं पदराखाली घेतलं आहे. बाहेर काढीन की तसंच राहू देईन, मला अजून माहीत नाही.

वन्सं हाका मारून राहिल्या, लिंबं चिरून झाली म्हणे.